बॉल कुठं मरतो ते ठरवणारा माणूस

आमच्या घराच्या वास्तुशांतीला सोनकांबळे आले होते. जेवणं झाली, पानं उचलली, आणि हे कुठे दिसेनात. चपला तर दारातच होत्या. शोधत शोधत मी गच्चीवर गेले, तर कठड्यापाशी एक डोळा मिटून, उजवा हात ताठ समोर धरून उभे.

"बाई," मला बघून ते म्हणाले, "टाकीपर्यंत जिवंत. टाकीच्या मागं गेला का मेला. आन् शेजारच्यांनी मिरच्या वाळत घातल्यात ना, तिथं गेला तर मेला, वर मारणाऱ्याला दोन बेस फुकट."

माझ्या मागोमाग सासूबाई जिना चढून आल्या होत्या. त्यांनी घाबरून माझा दंड धरला. "अगं, शांतीच्या दिवशी कोण मेलं?"

"बॉल," सोनकांबळे शांतपणे म्हणाले, आणि दुसरा डोळा मिटून पुन्हा टाकीकडे बघायला लागले.

सूर्यभान सोनकांबळे आमच्या सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. माझं टेबल त्यांच्या शेजारी. राहायला नल्लकुंट्याला. घराणं मूळचं नांदेडकडचं, पण स्वतः जन्मले, वाढले हैदराबादलाच. त्यामुळे त्यांच्या मराठीत 'हौ', 'नक्को' आणि 'क्या की' असं सगळं नांदायचं. सकाळी आले की "जयभीम बाई," म्हणायचे, शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडायचे आणि कागदावर वाकायचे. सरळ रेघ काढावी तर त्यांनीच. पट्टी लागायची नाही. नवे इंजिनियर त्यांच्या टेबलाशी नुसतं बघायला यायचे.

पण त्यांचा जीव कचेरीत नव्हता. तो होता रविवारच्या मैदानात.

आमच्या नोकरमंडळींचा एक बेसबॉलचा संघ होता. कुणी सुरू केला, का सुरू केला, देव जाणे. माझे यजमान, अशोक कदम, त्याच कचेरीत हिशेबखात्याच्या बाजूला होते आणि त्या संघातही होते. मैदानाच्या अगदी टोकाला उभे राहायचे आणि आलेला बॉल सोडायचे. मीही डबा घेऊन जायची, म्हणून मला ही सगळी हकीकत ठाऊक.

खऱ्या बेसबॉलच्या मैदानाला म्हणे सगळीकडून कुंपण असतं. बरकतपुऱ्यापलीकडच्या आमच्या मैदानाला एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला स्कूटरी, तिसरीकडे चहाची गाडी आणि चौथीकडे रस्ता. शिवाय मधे क्रिकेटच्या चार मॅची. मग बॉल कुठपर्यंत गेला तर खेळ चालू आणि कुठे गेला की थांबला, हे दर रविवारी नव्यानं ठरवावं लागायचं. ते सोनकांबळे ठरवायचे. पहाटे साडेपाचला चुन्याची पिशवी, सुतळी, चार खुंट्या आणि तळाला भोकं पाडलेला रंगाचा डबा घेऊन हा माणूस हजर. त्यांच्या बायको शकुंतलाबाई दवाखान्यात नर्स होत्या. त्या म्हणायच्या, "घरात एक खिळा ठोका म्हणून सहा महिने झाले सांगते. रविवारी मात्र कोंबड्याच्या आधी उठतात."

सोनकांबळ्यांनी आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती. मॅच कोण जिंकलं हे त्यांना सोमवारी मी सांगायची. ते फक्त रेघ बघायचे.

त्यांच्याबरोबर असायचे प्रसादराव. हे आमच्याच कचेरीतले, आंध्रातल्या गुंटूरकडचे, अंगानं उभट, आवाजानं मोठे. ते अंपायर. मॅचच्या आधी दोघं मिळून सगळ्या मैदानाला एक चक्कर मारायचे. सोनकांबळे पुढे डबा हलवत, प्रसादराव मागे हात बांधून. चक्कर वीस मिनिटांची, पण त्यांना दीड तास लागायचा. एकमेकांच्या नावाला 'गारू', म्हणजे तेलुगूतलं 'साहेब', लावल्याशिवाय दोघं बोलायचे नाहीत.

"सोनकांबळे गारू, ये भैंस का क्या करना?"

एक म्हैस दर रविवारी यायची. सोनकांबळे थांबायचे, विचार करायचे. "बैठी हुई है तो डेड. खडी है तो चालू."

"असं का?" मी एकदा विचारलं.

"बाई, बसलेली म्हैस म्हंजे भिंत. उभी म्हैस चालती. चालत्या जनावरासाठी खेळ थांबवला तर मॅच संध्याकाळपर्यंत संपायची नाही."

प्रसादरावांनी गंभीरपणे मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. मॅच सुरू व्हायच्या आधी दोन्ही कर्णधारांना बोलावून त्यांनी ते इतक्या भारदस्त आवाजात वाचून दाखवलं, की म्हैससुद्धा वळून बघायला लागली.

सोनकांबळ्यांचं एक वाक्य सगळ्या संघाला पाठ होतं: "रेघ जिवंत!" म्हणजे बॉल किंवा माणूस रेघेवर असला तर खेळ चालू. पूर्ण पलीकडे गेला, तरच बॉल मेला. खेळाडूंना हे दर रविवारी ऐकावं लागायचं. कुणी हसलं तर ते म्हणायचे, "पोट्टेहो, माणसानं शेवटपर्यंत पळावं, म्हणून रेघ जिवंत ठेवायची असते."

मग ते दिवस आले. राज्याचे दोन तुकडे करा म्हणून आंदोलन पेटलं. कचेरी दर चार दिवसांनी बंद. चालू असली तरी जेवणाच्या सुट्टीत तेलंगणाची माणसं एका टेबलाला, आंध्राची दुसऱ्या. वर्षानुवर्षं एकमेकांच्या डब्यातलं लोणचं खाल्लेली माणसं मान फिरवून जायला लागली. आम्हां मराठी लोकांना तर कुठे बसावं हेच कळेना. मी आणि सोनकांबळे खिडकीशी आमच्याच टेबलावर डबे उघडायचो. तिसऱ्या दिवशी प्रसादराव आपला डबा घेऊन आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "इधर किसका राज्य है?"

"इथं बाईंचं," सोनकांबळे म्हणाले. मग आम्ही तिघं रोज तिथेच जेवायला लागलो.

त्याच वर्षी ती मॅच झाली. समोर किनाऱ्याकडच्या, म्हणजे आंध्रातल्या, एका गावाचा संघ. एरवी मैदानावर चहावाल्यासकट पंधरा माणसं असायची. त्या दिवशी दोन-तीनशे जमली. खेळ बघायला नव्हेच. शेवटचा डाव, आमचा संघ एकानं पुढे, त्यांचा एक गडी बाद झाला की मॅच आमची. त्यांच्या माणसानं मारलेला बॉल उंच उडाला आणि स्कूटरींच्या बाजूला यायला लागला. त्याखाली धावत होते आमचे यजमान.

मी डोळे मिटून घेतले. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. ह्या माणसानं मी फेकलेली किल्लीसुद्धा कधी झेलली नव्हती.

लोकांचा एकच आरडाओरडा झाला. डोळे उघडले तर बॉल यजमानांच्या हातात. लोकांनी त्यांना उचललंच होतं, तेवढ्यात प्रसादरावांचा आवाज आला, "नो कॅच! पैर बाहर था!"

मग कुणीतरी ओरडलं, "आंध्रावाला अंपायर!" आणि गर्दी धावली. एकानं प्रसादरावांची कॉलर धरली. त्यांचा चष्मा खाली पडला. मी उठून उभी राहिले.

सोनकांबळे त्या गर्दीतून कसे पुढे गेले कुणास ठाऊक. ते स्कूटरींजवळ रेघेपाशी जाऊन उकिडवे बसले आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "कोणी हलायचं नाही! इथं पाय ठेवला तर याद राखा!"

इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. लोक थांबले.

"रेघ बघा," ते म्हणाले. "हिच्यावरून मुंगीबी गेलेली नाही. अन् हा बुटाचा ठसा बघा. रेघेच्या पलीकडं. वीतभर." त्यांनी वीत टेकवून दाखवली. "कदमसाब, बूट आणा इकडं."

यजमानांनी बूट पुढे केला. ठसा तंतोतंत जुळला.

"तू किसका है रे?" गर्दीतला एक जण चिडून म्हणाला. "उनका के हमारा?"

सोनकांबळ्यांनी चुन्यानं माखलेले हात वर केले. "चुन्याचा."

कुणालातरी हसू आलं, आणि त्या हसण्यानं गर्दी सैल पडली. प्रसादरावांची कॉलर सुटली. मॅच पुढे चालू झाली आणि आम्ही हरलो.

घरी आल्यावर यजमान दोन दिवस जेवले नाहीत. "आयुष्यात एक कॅच घेतला," ते म्हणायचे, "आणि तुझ्या त्या सोनकांबळ्यानं तो वीत टाकून मोजला." मला वाईट वाटत होतं आणि अभिमानही वाटत होता. पण तो यजमानांचा नव्हता, हे सांगायची सोय नव्हती. संघाची बैठक झाली. सोनकांबळ्यांनी पुढच्या रविवारपासून येऊ नये असं ठरलं. हात वर करणाऱ्यांत यजमानही होते.

प्रसादरावांना कुणी काही म्हटलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी आपणहून अंपायरपद सोडलं. "सोनकांबळे गारूची रेघ नसेल," ते मला म्हणाले, "तर मला काही दिसत नाही, अम्मा."

मला वाटलं, झालं, संपलं. पण एका रविवारी सकाळी मी मंडईत भाजीला निघाले, तर मैदानावर दोघंच. ना डबा, ना चुना. नुसते मैदानाच्या कडेनं चालत होते. नाल्यापाशी थांबले, काहीतरी ठरवलं, पुढे गेले. मॅच नव्हती. म्हैसही नव्हती. दीड तासानं मी परत आले, तर ते अजून चहाच्या गाडीपाशीच होते.

पुढे राज्य खरंच दुभंगलं. पण आमच्या कचेरीला लगेच कुठे जाता येईना, म्हणून एकाच इमारतीत दोन राज्यांच्या दोन कचेऱ्या बसल्या. आमच्या मोठ्या हॉलमधे मधोमध प्लायवूडची भिंत घालायचं ठरलं. आता प्लायवूड कुठे उभं करायचं त्याची खडूनं रेघ मारायची. साहेबांनी साहजिकच सोनकांबळ्यांना बोलावलं.

सोनकांबळ्यांनी तीन दिवस हॉल मोजला. चौथ्या दिवशी रेघ मारली. ती दारापासून सरळ निघाली, मग माझ्या टेबलाला वळसा घालून खिडकीकडे गेली, तिथून परत आली आणि पाण्याच्या कूलरच्या बरोबर पोटातून पलीकडे गेली.

साहेब बघतच राहिले. "ये क्या है? साप आहे का?"

"साहेब, कूलर एकच हाय. दोन्हीकडच्यांनी पाणी कुठलं प्यायचं? म्हणून तो रेघेवर घेतला. अन् खिडकीचं टेबल..."

"खिडकीच्या टेबलाचं काय?"

"तिथं तीन माणसं जेवत्यात," सोनकांबळे हळू आवाजात म्हणाले.

साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यावरही वरचे साहेब होते. "सरळ मारा," त्यांनी सांगितलं.

सोनकांबळ्यांनी खडू त्यांच्यापुढे धरला. "मंग तुम्हीच मारा, साहेब. माझ्या हातानं सरळ येत नाही."

तीस वर्षं पट्टीशिवाय सरळ रेघा काढणारा माणूस हे सांगत होता. शेवटी साहेबांनी स्वतःच रेघ मारली. ती वाकडी आली. प्लायवूडही वाकडंच उभं राहिलं.

जन्मगाव गुंटूरकडचं, म्हणून प्रसादराव पलीकडे गेले. जेवणाच्या सुट्टीत ते व्हरांड्याला पूर्ण वळसा घालून आमच्या टेबलाशी यायचे. कधी उशीर झाला की सोनकांबळे प्लायवूडवर टकटक करायचे. पलीकडून खोकल्याचा आवाज यायचा, मग आम्ही डबे उघडायचो. अशी दोन वर्षं गेली. मग हुकूम आला: पलीकडची कचेरी उचलून विजयवाड्याकडे न्यायची. सगळ्यांनी जायचं.

प्रसादरावांचं सामान ट्रकात चढवायला यजमानही आले. मोठी लोखंडी पेटी यजमानांनी एकट्यानं उचलली. ती ठेवल्यावर घाम पुसत, कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "वीतभरच होतं. पण होतं."

"हौ," सोनकांबळे म्हणाले. घरी येताना यजमान बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होते.

निघताना प्रसादराव दोन्ही हात जोडून म्हणाले, "जयभीम, सोनकांबळे गारू."

"नमस्कारमंडी," सोनकांबळे म्हणाले.

ट्रक गेला. सोनकांबळे रस्त्यात उभे राहिले. मागून रिक्षावाला भोंगा वाजवत होता, तरी हलेनात. शेवटी मीच त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं.

त्यानंतर फोन व्हायचे. पण काय फोन! मी समोरच बसलेली असायची. "हां, प्रसादराव गारू. हां. हां. जेवण झालं? हां. बोला. नाही, तुम्ही बोला." मग "बरं, ठेवतो." आयुष्यभर हे दोघं शेजारी शेजारी चालत, जमिनीकडे बघत बोलले होते. कानाला यंत्र लावून, माणूस समोर नसताना काय बोलायचं, ते दोघांनाही जमत नव्हतं. आठवड्याचे फोन महिन्यावर गेले. सोनकांबळे डबा आणायचे आणि अर्धा परत न्यायचे. शकुंतलाबाईंनी मला एकदा विचारलं, "कचेरीत काही झालंय का हो? रविवारीसुद्धा झोपून असतात."

एक दिवस सुट्टीत सोनकांबळ्यांनी माझ्यापुढे एक पुस्तक ठेवलं. पहिलीतल्या मुलांचं, चित्रांचं, तेलुगू अक्षरओळखीचं.

"तुम्ही जामबागला शाळेत तेलुगू शिकला ना, बाई?"

"शिकले की. पण तुम्हाला कशाला? तुम्ही माझ्यापेक्षा सुरेख बोलता."

"बोलतो. वाचता येत नाही. बसबी नंबर बघून पकडतो."

"प्रसादरावांना लिहायचंय का? मग इंग्रजीत लिहा ना."

"इंग्रजीत रजेचा अर्ज लिहित्यात, बाई."

मी पुस्तक उघडलं. ते बाह्या दुमडून बसले, पण पेन्सिल टेकवेनात. मग खाली बघूनच सांगायला लागले.

"आधीच्या वेळेस राज्य तुटलं ना, मराठवाडा तिकडं गेला, माझ्या जन्माच्या आधी, तवा आमचा बाप कचेरीत शिपाई होता. त्यालाबी विचारलं, औरंगाबादला जाता का इथं राहता? बाप राहिला. चुलता गेला. दोघं भाऊ एका ताटात जेवलेले. चुलत्याला लिहिता येत नव्हतं. त्याचा पोरगा तिकडं मराठी शाळेत जायला लागला, त्याच्याकडून दोन पत्रं लिहून घेतली. आमच्या बापाला थोडं उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. दुसऱ्याकडून वाचून घ्यायची त्याला लाज वाटली. म्हणला, घरातलं काही असंल, लोकांना कशाला कळावं. मी शाळेत जाऊन वाचायला शिकलो, तवर चुलता गेला होता."

"काय होतं पत्रात?" मी विचारलं.

"काही नाही, बाई. दोन्ही पत्रांत एकच. 'उत्तर का देत नाहीस?'"

मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

शिकवणं म्हणजे परीक्षाच होती. तेलुगूची सगळी अक्षरं गोल, आणि ह्यांचा हात जन्मभर सरळ रेघांचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी कंपासपेटी काढली आणि 'अ' कंपासनं काढला. मी ओरडले. मग त्यांनी गुपचूप एक रुपयाचं नाणं ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवून बघितली. साहेब येता-जाता डोकावायचे आणि पुढे जायचे. माझा इंजिनियर झालेला मुलगा, ज्याला मराठी पाटी वाचायला तीन मिनिटं लागतात, तो हे ऐकून म्हणाला, "आई, आजकाल फोनवर बोललं की आपोआप लिहून येतं." मी त्याला म्हटलं, "हे सोनकांबळ्यांना सांगू नकोस."

चार महिन्यांनी पत्र तयार झालं. तपासायला त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. अक्षरं मोठाली, प्रत्येक वेगवेगळं बसलेलं, जशी नवीन वर्गातली मुलं एकमेकांशी न बोलता बसतात तशी. मजकूर असा होता: नाल्यावर आता फरशी टाकली. लिंबाचं झाड तोडलं. चहाची गाडी उलट्या बाजूला गेली. आता रेघ दुसरा एक जण मारतो, घाई करतो. मी रविवारी पुन्हा जायला लागलो. मैदान मोठं झाल्यासारखं वाटतं.

आणि शेवटच्या ओळीत, बाकीच्यांपेक्षा जरा लहान अक्षरांत, दोनच शब्द. 'मीरु लेरु.' तुम्ही नाही आहात.

मी उगाच वेलांटी बघितल्यासारखं केलं. "चूक कुठेच नाही," म्हटलं. "पण असं एकदम संपवू नका. पुढे लिहा की काहीतरी. तब्येत कशी आहे, मुलांचं काय चाललंय..."

सोनकांबळ्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि शाई वाळली का ते बोटानं हलकेच बघितलं.

"नक्को, बाई," ते म्हणाले. "मला येवढंच लिहायला शिकायचं होतं."